शिवकांताची उड्यांची दोरी

"मूठ आवळू नको, बेटा. मनगट फिरव, खांदा नको. आन् उडी किती मारायची? दोन बोटं. चांदाला हात लावायचा न्हाई आपल्याला!"

मला आठवणारा माणसाचा पहिला आवाज हाच. खाजाभाई खरादींचा.

मित्रांनो, मी उड्या मारायची दोरी. वय झालंय माझं. सुताचं अंग आणि दोन्ही टोकांना सागवानी मुठी. मुठींवर एके काळी लाखेचा लाल-हिरवा रंग होता, तळहातांच्या घामानं तो बराचसा उडाला. तुम्ही म्हणाल, दोरीला कसली आलीय काळजी? हातात घेतली की फिरते, ठेवली की पडून राहते. पण खरं सांगते, मला माझ्याच आवाजाची धास्ती वाटते. मी जमिनीला टेकते तेव्हा 'सट्' होतं आणि पाठोपाठ पावलं पडतात तेव्हा 'धप्'. हा धप् कुणाच्या कानावर जाईल, ऐकून कोण दचकेल, या विचारानं आजही माझे पेड आखडतात. असं का, तेच तुम्हाला सांगायचंय.

नांदेडला नदीकडच्या जुन्या गल्लीत खाजाभाईंचं दुकान होतं. ते लाटणी करायचे, भोवरे करायचे, पाळण्याचे दांडे करायचे. पाळण्याच्या दांड्यातून उरलेल्या दोन तुकड्यांच्या माझ्या मुठी झाल्या. त्यांच्या घरवाली हुसेनबी उंबऱ्यात बसून सुताचे तीन पेड वळायच्या. वळताना त्यांचे ओठ हलत. काय म्हणत ते मला ऐकू येत नसे, पण माझ्या एकेका पिळात देवाचं नाव गेलंय एवढं मला ठाऊक आहे. त्याचा आधार पुढे मला फार वाटला.

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरली, तेव्हा खाजाभाईंनी आम्हा पंधरा-वीस दोऱ्यांना एका बांबूला लटकवलं. औसा तालुक्यातल्या एका गावचे शंकरप्पा बैल बघायला जत्रेत आले होते. सोबत त्यांची नऊ वर्षांची मुलगी होती, शिवकांता. काडीसारखी बारीक. तिनं मला उचललं, फिरवलं, आणि पहिल्याच फेऱ्यात मी तिच्या वेणीत अडकले. तेव्हा खाजाभाई हसून ते बोलले, जे मी सुरुवातीला सांगितलं. दुसऱ्या वेळी ती चार उड्या मारून गेली. शंकरप्पांना बैल काही पसंत पडला नाही. ते मला घेऊन गावी परतले.

शिवकांताच्या शाळेत व्यंकटी गुरुजी होते. कवायत तेच घ्यायचे. त्यांनी तिला माझ्या मधोमध उभं केलं आणि मुठी वर ओढल्या. मुठी बरोबर तिच्या काखेपर्यंत आल्या.

"हां, माप बरोबर हाय," गुरुजी म्हणाले. "आता ऐका गं पोरींनो. पळायला रान लागतं. पोहायला हीर लागते. हिला गोणपाटाएवढी जागा बास. पण जेवून उठलं की लगेच न्हाई. फरशीवर न्हाई, मातीवर. टाच टेकवायची न्हाई, चवड्यावर उतरायचं. आज वीस, उद्या पंचवीस. एका दिसात शंभर मारून चार दिवस लंगडणारीला मी उभी करणार न्हाई."

"गुरुजी, आन् त्यानं होतं काय?" कुणीतरी विचारलं.

"दम वाढतो. हाड पक्कं होतं. आन् जिचं डोकं गणिताला फिरतं ना, तिचं जाग्यावर येतं."

सगळ्या मुली शिवकांताकडे बघून हसल्या, कारण गणिताला डोकं फिरायचं ते तिचंच.

गुरुजींचं बोलणं मी माझ्या डोळ्यांनी खरं झालेलं पाहिलं. आधी आडावरून घागर आणताना शिवकांता वाटेत दोनदा थांबायची. पावसाळा लागेपर्यंत ती न थांबता घरी येऊ लागली. भूक लागू लागली, पडल्या पडल्या झोप लागू लागली. पोटऱ्या घट्ट झाल्या. पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे तिनं न अडखळता तीनशे उड्या मारल्या आणि गुरुजींनी टाळी वाजवली. तिची आई घरी म्हणाली, "तुझ्या आप्पांनी बैल आणला न्हाई म्हणून मी रागावले व्हते. बरं झालं, न्हाई आणला." त्या दिवसापासून मला चुलीच्या वरच्या खुंटीवर जागा मिळाली, गंधाच्या डबीशेजारी. एवढा मान दोरीला कुठं मिळतो?

त्याच वर्षी, एकोणीसशे त्र्याण्णव साली, गणपती बोळवून लोक झोपले होते. शंकरप्पा शेतात जागलीला गेले होते आणि शिवकांता हट्ट करून त्यांच्यामागं गेली होती, मला गळ्यात घालून. पहाटेच्या आधी जमीन हलली. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. गावातली घरं दगडमातीची होती, वर जड माळवदं. आई आणि धाकटा भाऊ घरी होते. शेतातून आम्ही तिघंच परत आलो, शंकरप्पा, शिवकांता आणि मी. घर कुठं होतं ते नुसत्या दारातल्या चिंचेवरून ओळखावं लागलं.

मग पत्र्याच्या शेडमधले दिवस आले. लांबच लांब रांग, मधे पत्र्याचीच भिंत. शेजारच्या खोलीत भामाबाई राहायच्या. त्यांचीही माणसं गेली होती. त्या रोज सकाळी शिवकांताला पुढ्यात बसवून तिची वेणी घालायच्या. "हालू नको गं, भांग वाकडा झाला की नवरा वाकडा मिळतो," असं म्हणायच्या, आणि पोर हसली की मग त्याही हसायच्या.

त्या शेडमध्ये प्रत्येक घरात एक गोष्ट होती. डब्यावर डबा रचायचा आणि सगळ्यांत वर पितळी पेला उपडा ठेवायचा, अगदी काठाशी. जमीन जरा हलली की पेला पडायचा, पेला वाजला की बाहेर पळायचं. कुणी शिकवलं कोण जाणे, पण देवाला दिवा लावावा तसा दर घरी संध्याकाळी पेला उपडा ठेवला जायचा. धक्के चालूच होते. लोक पेल्याकडे बघत जेवायचे.

तीन महिने शिवकांतानं मला हात लावला नव्हता. एका दुपारी मात्र तिनं मला हळूच काढलं. आप्पा कामाला गेले होते. तिला वाटलं असेल, एवढ्या दुःखात उड्या मारते म्हणून लोक नावं ठेवतील. म्हणून ती शेडच्या मागं गेली, कुणालाही न सांगता. मला किती आनंद झाला होता! तीन महिन्यांनी तिचा श्वास खोल जाताना मी ऐकत होते. पण जमीन तिथं टणक होती, पत्रा पाठीलाच लागून होता. तीस-चाळीस उड्या झाल्या असतील. पत्र्यानं गुणगुणायला सुरुवात केली. आत एक पेला पडला. मग शेजारचा. मग रांगेत एकामागून एक.

"आलाऽ! बाहेर या! बाहेर या!"

सगळी रांग धावत सुटली. भामाबाईंचा पाय गोधडीत गुंतला आणि त्या दारातच पडल्या. खुबा मोडला. त्यानंतर त्या काठीशिवाय कधी चालल्या नाहीत.

त्यांनी पोरीला एक शब्द लावला नाही. पण वेणी घालायला शिवकांता पुन्हा त्यांच्या पुढ्यात बसली नाही. लाजेनं तोंड दाखवेना. तिनं मला आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलं. मी मनात म्हणाले, ठेव बाई. माझाही फिरायचा धीर संपला होता.

मित्रांनो, तेवीस वर्षं मी त्या पेटीत होते. पेटीवर पेट्या चढल्या. शिवकांताचं लग्न झालं, ती लातुरात आली, पेटीही आली. नवरा नरसिंगराव डाळमिलमध्ये कामाला. पुढे लातुरात शिकवण्यांचं पेव फुटलं. हदगाव, जळकोट, माहूर, कुठून कुठून मुलं-मुली डॉक्टर व्हायला येऊ लागली. शिवकांतानंही वर चार खोल्या काढल्या आणि अकरा मुली ठेवल्या. खाली तिचं स्वयंपाकघर. मुली तिला मावशी म्हणत. मावशी पहाटे चारलाच उठायची. आंघोळ, मग तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, कपाळाला विभूती, त्याशिवाय पाण्याचा घोट नाही. हा तिचा नेम. आणि दुसरा नेम मुलींना विचित्र वाटायचा: स्वयंपाकघरात डब्यांच्या चळतीवर उपडा पेला.

"मावशी, पेला सरळ ठेवू का?" नवी मुलगी विचारायची.

"हात लावू नको, बाई. हाय तसा हाय."

त्या अकरा जणींत हुस्ना होती, हदगावच्या अकरम शिंप्यांची मुलगी. दहावीला तालुक्यात पहिली आलेली. लातुरात आल्यावर मात्र तिची रया गेली. पहाटेपासून बसलेली ती दिवस मावळेपर्यंत बसलेलीच. शिकवणी, खोली, खाट, पुस्तक. रात्री डोळा लागेना. दर शनिवारी चाचणी असायची. प्रश्नपत्रिका हातात आली की बोटं गार पडत, छाती धडधडे, येत असलेलं उत्तरही पुसून जाई. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "तुला आजार नाही, बाळ. शरीर बसून गेलंय आणि मन पळतंय. रोज घाम निघू दे." पण पळायचं कुठं? गल्लीत गाड्याच गाड्या. मैदान लांब.

मग एके दिवशी ती माळ्यावर जादाची गादी काढायला चढली. गादीखालची जुनी पेटी कलंडली आणि लुगड्याच्या तुकड्यासकट मी तिच्या पायाशी पडले.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी कुणीतरी मुठी धरल्या! आणि खरं सांगू? मी थरथरले. नको गं, म्हणावंसं वाटलं. पण दोरीला तोंड कुठं असतं.

शिवकांता रोज संध्याकाळी महादेवाच्या देवळात जायची. तेवढ्या वेळात हुस्ना वरच्या खोलीत मला फिरवू लागली. पहिल्या दिवशी दहा उड्यांत धाप लागली. दुसऱ्या दिवशी पंचवीस. खोलीतली ज्योत्स्ना खाटेवर बसून मोजायची आणि चिडवायची, "डॉक्टर हुस्ना, पेशंट जमलेत बाहेर, लवकर आटपा!" घाम यायचा, चेहरा लाल व्हायचा, आणि त्या रात्री हुस्ना झोपायची. खरोखर झोपायची. मी खाटेखालून तिचा संथ श्वास ऐकायचे. पाचवा दिवस शनिवार होता. चाचणी देऊन परत आली ती पायऱ्या दोन-दोन चढत. "ज्योत्स्ना, हात कापले न्हाईत आज!"

मी मात्र रोज खालच्या घराचा विचार करत होते. हा स्लॅब. याच्याखाली स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात चळत. चळतीवर पेला.

सोमवारी गॅसची टाकी यायची होती, म्हणून शिवकांता देवळात गेली नाही. हुस्नाला ते ठाऊक नव्हतं. साठावी उडी असेल. खालून पितळेचा खणखणाट आला, आणि पाठोपाठ तो आवाज, जो मी तेवीस वर्षांपूर्वी ऐकला होता.

"बाहेर याऽ! सगळ्या बाहेर याऽ!"

अकरा जणी जिन्यावरून धडाधड खाली. एकीच्या तोंडात दातांचा ब्रश, एकीच्या डोक्याला मेंदी. समोरच्या घरातले आजोबा नातवाला काखेत मारून रस्त्यात आले. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस टाकी तिथंच टाकून पळाला. जरा वेळानं सगळे एकमेकांकडे बघू लागले. काहीच हललं नव्हतं. फक्त हुस्ना हातात मला घेऊन उभी होती, घामानं भिजलेली.

शिवकांतानं मला पाहिलं. तिचा चेहरा विभूतीसारखा पांढरा झाला.

"ही कुणी दिली तुला?"

"मावशी, माळ्यावर होती. विचारायला पाहिजे होतं मी. चुकलं माझं."

"या घरात उडी मारायची न्हाई." एवढंच. तिनं मला घेतलं आणि देवघराच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. रागानं नाही. मग ती आत गेली आणि पडलेला पेला पुन्हा चळतीवर उपडा ठेवला.

पुढचे दिवस मी कपाटात कापराच्या वासात काढले. बाहेरचं ऐकू यायचं. हुस्ना पुन्हा जागू लागली. जेवण ताटात राहू लागलं. शनिवारी ती चाचणी अर्धी टाकून आली. खुर्चीवरून उठली आणि सरळ परतली. तिनं घरी फोन केला. रविवारी अकरमभाई पहिल्या गाडीनं लातुरात हजर झाले.

शिवकांतानं त्यांना चहा दिला. देवघराचं दार उघडं होतं.

"ताई, पोरगी सुकली," अकरमभाई म्हणाले. "मी घेऊन जातो. हदगावला बी कॉलेज हाय. डॉक्टर न्हाई झाली तर दुनिया बुडत न्हाई."

"अब्बा, मला राहायचंय."

"राहून काय करशील, बेटा? काल पेपर सोडून आलीस. रात्र रात्र जागून राहिलीस. तुझी अम्मी तिकडं जेवून न्हाई राहिली."

 हुस्ना अगदी हळू म्हणाली, "पाच दिवस मी नीट झोपले होते, अब्बा. त्या आठवड्याचा पेपर चांगला गेला होता."

"कोणते पाच दिवस?"

तिनं मावशीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती सांगणार नाही, हे मला कळलं. मावशीला दोष लागेल असं ती बोलणार नव्हती.

"दोरीचे," शिवकांता म्हणाली.

कपाटाचं कुलूप उघडलं. तिनं मला बाहेर आणून चटईवर ठेवलं आणि तेवीस वर्षांत नवऱ्यालाही न सांगितलेली गोष्ट एका परक्या गावच्या शिंप्याला सांगितली. शेड. पेले. भामाबाई. सांगताना तिनं रडणं आवरलं नाही आणि आवाजही वाढवला नाही.

"मी चोरून उड्या मारल्या व्हत्या, भाऊ. कुणाला बोलले न्हाई."

"मी पण चोरूनच मारल्या, मावशी," हुस्ना म्हणाली.

शिवकांतानं तिच्याकडे पाहिलं. पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सांगितलं असतं, 'बायांनो, मी उड्या मारते, भिऊ नका,' तर कोण पळालं असतं? कुणीच न्हाई. इतक्या वर्सांत मी दोरीलाच दोष देत बसले." मग ती अकरमभाईंकडे वळली. "भाऊ, आठ दिवस द्या मला. उद्यापासून ती अंगणात उडी मारल, लिंबाखाली, मातीवर. स्लॅबवर न्हाई. पण त्याच्या आधी मी गल्लीत घरोघर सांगून येते. ह्या गल्लीत चार घरं तिकडचीच हायेत, आमच्या गावांकडची. त्यांचं काळीज मला ठावं हाय. ते हाव म्हणल्याबिगर हिनं दोरीला हात लावायचा न्हाई. माझा शब्द हाय."

"आन् न्हाई म्हणाले तर, मावशी?"

"तर परवा पुन्यांदा जाईन."

अकरमभाईंनी कप खाली ठेवला. "आठ दिवस, ताई," ते म्हणाले. "आठव्या दिवशी मी येतो. पोरगी झोपली तर राहील. न्हाई तर बिस्तरा बांधायचा." आणि दुपारच्या गाडीनं ते परतले.

मित्रांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. घरात अशी एखादी दोरी असेल तर तिला टांगून ठेवू नका. रोज थोडं फिरवा. आज दहा जमल्या तर उद्या बारा, घाई नको. सकाळी उपाशीपोटी चक्कर येत असेल तर घोटभर पाणी प्या, चार शेंगदाणे खा आणि मग उडी मारा. दम वाढेल, हाड पक्कं होईल, झोप येईल, आणि ज्या प्रश्नानं छाती धडधडते तो थोडा लहान दिसू लागेल. दोरी भिजली तर सावलीत वाळवा, गाठ पडली तर दातांनी ओढू नका, बोटांनी सोडवा. आणि फिरवण्याआधी आपल्या पायाखाली कोण राहतं, आपल्या भिंतीपलीकडे कोण झोपतं, त्याची चौकशी करा. प्रत्येकाच्या घरात एक पेला उपडा ठेवलेला असतो. सगळ्यांचा दिसत नाही.

सोमवार उजाडला. शिवकांताचा उपास होता. पूजा झाली. तिनं मला उचललं तेव्हा माझ्या पेडांत नुसती धाकधूक होती. पहिल्या घरातल्या आजी दार लावून घेतील का? दुसऱ्या घरातले काका ओरडतील का? त्यांच्या दोन मुली त्या पहाटे गेल्या होत्या, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. मला बघून त्यांना काय आठवेल? आठ दिवसांतला एक तर आजच सुरू झाला होता.

जिन्याच्या खालच्या पायरीवर हुस्ना गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. "मी येऊ का सोबत, मावशी?"

"तू पाणी पी आन् बस. हे माझं काम हाय."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मला पदराखाली लपवलं नाही, सगळ्यांना दिसेल असं दंडावर घेतलं. मग पायात चपला सरकवल्या, फाटकाची कडी आवाज न करता काढली, आणि चार घरांपैकी पहिल्या घराच्या दिशेनं ती चालू लागली.